डिफॉल्टर लिस्ट लागण्याआधी एकदा बोलवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्राचार्य आणि फर्स्ट इयरचे इन्चार्ज सर-मॅडम यांस,

स. न. वि. वि.

मी रबाळे एमआयडीसीत एका टूलरूममध्ये कामाला आहे. आयटीआय फिटर. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. राहायला कळव्यात, खारेगावात. थोरली लेक नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये ज्यांची मुलं वेगवेगळ्या कॉलेजांत आहेत त्यांच्याशी बोललो, तर कहाणी सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच निघाली. तेव्हा पत्र एकाला नाही, सगळ्यांनाच.

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर कॉलेजचा मेसेज. इंग्रजीत. तुमच्या वॉर्डचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये आहे, पालकांनी अमुक तारखेला अकरा वाजता हजर राहावं. आता वॉर्ड म्हटलं की आम्हाला नगरसेवक आठवतो आणि डिफॉल्टर म्हटलं की बँक. लेकीच्या लॅपटॉपचा हप्ता चालू होता, म्हणून मी डबा तसाच ठेवून फायनान्सवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, हप्ता पाच तारखेलाच कापला गेलाय, काही बाकी नाही. शेवटी आमच्याकडच्या ट्रेनी इंजिनिअरला मेसेज दाखवला. तो हसायला लागला. म्हणाला, "काका, वॉर्ड म्हणजे तुमची मुलगी. हे अटेंडन्सचं आहे. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली असेल. आमचे बाबा तीनदा गेले होते."

त्या दिवशी अर्धा दिवस बिनपगारी टाकून मी कॉलेजात आलो. पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच. कॉरिडॉरमध्ये चाळीसएक पालक भिंतीला टेकून उभे. एक जण रिक्षाच्या युनिफॉर्ममध्येच, एक बाई हातात डब्याची पिशवी घेऊन. त्यांना तिथून थेट कामावर जायचं होतं. बाजूला आपापली मुलं, माना खाली घालून. प्रत्येकाला साधारण चार मिनिटं मिळाली. सर चांगले होते, दमलेलेही होते. नाव मराठी असून सवयीने इंग्रजीतच बोलले. विचारलं, "घरी लक्ष देत नाही का तुम्ही?" मग एक छापील हमीपत्र पुढे केलं, मी सही केली. वाचलं नाही. मागे लाइन होती.

आता लक्ष देत नव्हतो का? देत होतो की. गैरहजेरी लागली त्यात मोठा वाटा माझाच होता.

तुमचं पहिलं वर्ष सुरू होतं तेच उशिरा. कॅपचे, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेचे, राउंड संपून, कागदपत्रं होऊन लेक वर्गात बसली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. १९ सप्टेंबरला गणपती. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. कॉलेजला सुट्टी मोजून दोन-तीन दिवसांची, पण कोकणातल्या माणसाला गणपती दोन दिवसांचा असतो हे कुणी सांगितलं? जाण्यायेण्यासकट नऊ दिवस आम्ही तिला घेऊन गेलो. ती म्हणत होती, बाबा, लेक्चर्स चालू आहेत. मी म्हटलं, अगं आत्ता कुठे सुरू झालंय, आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय? त्या आठ दिवसांत एम-वनचं, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं, पहिलं युनिट, कॉम्प्लेक्स नंबर्स, जवळजवळ संपलं. परत आली तेव्हा फळ्यावर डी मॉयव्हरचं थिअरम, आणि तीन आठवड्यांवर पहिली टेस्ट. मग ताप आला, तीन दिवस गेले. वर दोन प्रॅक्टिकलची हजेरी चढलीच नव्हती. ते नंतर कळलं, आणि तोवर मी घरी येऊन तिच्यावर ओरडून झालं होतं.

मला जर कुणी सांगितलं असतं की या सेमिस्टरला पाय पसरायलाच जागा नाही, आणि इथले आठ दिवस शाळेच्या महिन्याएवढे, तर मी तिला आत्याकडे ठेवून गावी गेलो असतो. आरती तिने व्हिडिओ कॉलवर केली असती. एवढी साधी गोष्ट. पण ती सांगायला कुणी बोलावलंच नाही. बोलावलं ते सही घ्यायला.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: फर्स्ट इयर सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आम्हाला दोन तास द्या. मराठीत. आणि त्यात आमचं काम काय आणि आमचं काम काय नाही, ते सांगा.

मुलांसाठी तुम्ही इंडक्शन, म्हणजे कॉलेजची सुरुवातीची ओळख, घेता. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०१७ पासून तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम ठरवून दिलाय, हे लेकीच्या फाइलमधल्या पत्रकात वाचलं. चांगलंच आहे. काही ठिकाणी पालकांनाही पहिल्या दिवशी हॉलमध्ये बसवतात, नाही असं नाही. आम्हीही बसलो होतो. दीपप्रज्वलन, ट्रस्टींचं भाषण, प्लेसमेंटची पॅकेजेस पडद्यावर, चहा-समोसा. त्या हॉलमधून मी छाती फुगवून बाहेर पडलो, पण केटी म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं नाही.

ते कळलं मार्चमध्ये, आणि फार वाईट रीतीने.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागून अकरा दिवस झाले होते. लेकीने घरात सांगितलं नव्हतं. जेवायला बसायची, भात चिवडायची, उठायची. तिच्या आईला वाटलं, काही प्रेमप्रकरण. शेवटी एका रात्री स्वतःच म्हणाली, "बाबा, मला दोन केट्या लागल्यात. एम-वन आणि मेकॅनिक्स." ऐंशीपैकी बत्तीस लागतात पास व्हायला, हिला एकात सत्तावीस, एकात पंचवीस. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के घेतलेली मुलगी. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की 'नापास' हा शब्द मी चार वेळा वापरला, आणि तिच्या आईने गावी फोन करून सासूबाईंनाही तो सांगितला.

दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने मला गच्चीवर नेलं. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने मला आठ सेमिस्टरचे आठ चौकोन काढून दाखवले. म्हणाला, काका, केटी म्हणजे अलाउड टू कीप टर्म्स. म्हणजे पुढे जायला परवानगी. विषय राहिला, वर्ष नाही. पहिल्या वर्षाचे विषय अडकले तरी ठरावीक मर्यादेत दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण तिसऱ्या वर्षाला बसायचं तर पहिल्या वर्षाचं सगळं सुटलेलं पाहिजे, नाहीतर ड्रॉप, वर्ष गेलं. म्हणजे तिच्याकडे वेळ आहे. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची असेल, रिव्हॅल्युएशन म्हणजे फेरतपासणी टाकायची असेल तर मात्र तारीख बघा, ती थांबत नाही. आणि ती तारीख गेलेली होती. अकरा दिवस ती आमच्या भीतीने गप्प बसली, त्यात.

वीस मिनिटांत एका पोराने हे समजावलं. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे, प्रत्येक ऑटोनॉमस कॉलेजचे नियम थोडे वेगळे असतील, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाने मार्कांची विभागणीही बदललीय. मग तर तुम्हीच सांगायला हवं ना? बिल्डिंगमधल्या प्रत्येक बापाला असा गच्चीवर नेणारा पोरगा मिळतो असं नाही.

आता जरा माझ्या कामाचं बोलतो.

दुसऱ्या सेमिस्टरला तिला इंजिनिअरिंग ग्राफिक्स होतं. रात्री अकराला स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बोर्ड टाकून बसलेली, शीट खोडून खोडून काळी झालेली, डोळ्यांत पाणी. मी डोकावलं. ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन. एक पायरी असलेला ठोकळा, मध्ये खाच, एका बाजूला उतार. त्याचे फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू काढायचे. अहो, हेच तर मी सत्तावीस वर्षं वाचतोय! फक्त ते तिच्या अभ्यासात आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि मला ते येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

मी मोरीतून कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी आणली आणि हॅक्सॉ ब्लेडने कापायला बसलो. "बाबा, आई ओरडेल." ओरडू दे. आधी पायरी काढली, मग खाच, मग उताराला तिरका काप. पुस्तकात होता तसाच ठोकळा तिच्या हातात ठेवला. म्हटलं, डोळ्यांसमोर धर, एक डोळा मिट. समोरून काय दिसतं? ते काढ. आता वरून बघ. आता डावीकडून. तिचा घोळ होता तो टॉप व्ह्यू खाली का काढायचा, यात. म्हटलं, आपल्याकडे फर्स्ट अँगल. वस्तू तुझ्या आणि कागदाच्या मध्ये आहे. वरून बघितलंस तर जे दिसलं ते आरपार खाली जमिनीवर उमटतं, म्हणून खाली. डावीकडून बघितलंस तर ते पलीकडे, उजव्या भिंतीवर. माझ्या कंपनीच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात फर्स्ट अँगलची ती कापलेल्या शंकूची खूण असते. दुसऱ्या दिवशी मी तिला ती कागदावर काढून दाखवली. अर्ध्या तासात शीट झाली. वडी तिच्या आईने सकाळी तशीच वापरली, खाच हाताला लागते म्हणून आठवडाभर ऐकवत होती.

मेकॅनिक्सच्या केटीचंही तसंच. मोमेंट म्हणजे काय ते तिला व्याख्येसकट पाठ होतं, पण गणितात कळत नव्हतं. जाम झालेला नट सुटत नसला की आम्ही पान्याला पाइप लावतो. ताकद तेवढीच, हात लांब. हे तिला खिडकीच्या ग्रिलच्या बोल्टवर करून दाखवलं. केटी त्याने सुटली असं म्हणणार नाही, ती तिने रात्री जागून सोडवली. पण त्यानंतर पुस्तकातली आकृती तिला बोल्टासारखी दिसायला लागली, एवढं तीच म्हणाली.

सांगायचा मुद्दा, सर, आम्ही अगदीच अडाणी नाही. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली ती आमच्या ठाण्यात, वागळे इस्टेटपासून. मग इकडे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. तुमच्या वर्गात बसलेल्या किती मुलांचे बाप टर्नर, वेल्डर, वायरमन, मेंटेनन्समध्ये आहेत ते एकदा मोजा. बेसिक इलेक्ट्रिकल आणि वर्कशॉप प्रॅक्टिस यातलं अर्धं आमच्या हातात आहे. सिलॅबसचं एक पान, मराठीत, आमच्या हातात दिलंत तर कुठे मदत करता येईल हे आमचं आम्हाला कळेल. घरी मराठीत बोलून घेतलं की मुलांचंही डोकं मोकळं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला कित्येकदा गणित येत होतं, प्रश्नाचं इंग्रजी अडत होतं.

आणि थांबायचं कुठे, तेही सांगा. साबणाच्या यशाने मी चढलो होतो. रोज तिची शीट तपासायला लागलो, लाइन जाड झाली म्हणून बोलायला लागलो. आठवड्याने तिने बोर्ड उचलला आणि मैत्रिणीकडे बसायला लागली. "बाबा, मला माझं माझं चुकू दे ना." टूलरूममध्ये आम्ही दोन शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सांभाळतो. घरी मला शून्य टॉलरन्स हवा होता.

आमच्या वाट्याचं काम दुसरंच आहे, आणि ते भरपूर आहे. कागदपत्रं घ्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि त्याचं दर वर्षीचं नूतनीकरण. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची कॅपमधून प्रवेश असेल तर शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ती लागू झाली. हे मला कॉलेजकडून नाही, सेतू केंद्रातल्या लाइनीत कळलं. तहसील कार्यालयाच्या खेपा बापाने घालाव्यात, मुलीने लेक्चर बुडवून नाही.

खर्चाचंही तेच. ॲडमिशनच्या आठवड्यात आम्ही घाबरून सगळं घेतो. मी अठ्ठावन्न हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेतला, कारण दुकानदार म्हणाला इंजिनिअरिंगला लागतोच. पहिल्या सेमिस्टरला त्यावर सिनेमे झाले. खरी गरज दुसऱ्या सेमिस्टरला, सी प्रोग्रॅमिंगला पडली. ड्राफ्टर, ॲप्रन, जुनी पुस्तकं सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळतात. आणि क्लासवाल्यांची पत्रकं तर कॉलेजच्या गेटवरच हातात पडतात. कधी क्लास लावावा आणि कधी तुमच्याच सरांना जाऊन विचारावं, हे तुम्ही सांगितलंत तर निदान पालक आधी तुमच्याकडे येतील.

मग प्रवास. लेक सकाळी पावणेसातला घर सोडते. कळव्याहून ठाणे एकच स्टेशन, पण त्या वेळी दारात पाय ठेवायला मिळाला तर नशीब. मग पुलावरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मला, नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल. हातात शीटची नळी, खांद्यावर बॅग. संध्याकाळी साडेसहाला घरी. आणि आल्याआल्या आम्ही तिला दळण आणायला पाठवत होतो! वाईट हेतू नव्हता, पहिल्यापासून तेच चालत आलेलं. आता दळण मी आणतो. इंजिनिअर घडवण्यात माझा सगळ्यात मोठा वाटा कुठला विचाराल तर मी हाच सांगेन.

ॲडमिशनच्या दिवशी आमच्याकडून अँटी-रॅगिंगच्या प्रतिज्ञापत्रावरही सही घेता. ती मीही न वाचता केली. रॅगिंगविरुद्ध हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, हे मला वर्षाने कळलं. सरकारची टेली-मानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. तीही मला तुमच्याकडून कळायला हवी होती. ते अकरा दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. मूल भात चिवडायला लागलं की ओरडायचं नाही, शेजारी बसायचं, हे सांगायला मानसशास्त्राचा डॉक्टर लागत नाही. पण कुणीतरी बोलून दाखवावं लागतं, आणि सरांनी सांगितलं की आमच्यासारखी माणसं ऐकतात.

तुमच्या बाजूनेही एक-दोन गोष्टी बघा. गैरहजेरीचा मेसेज पाठवण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी चढलीय का ते तपासा. तुमची एक नोंद राहिली की इकडे घरात एक संध्याकाळ जळते. मेसेज मराठीत पाठवा, आणि डिफॉल्टर हा शब्द काढून टाका. हजेरी कमी आहे म्हणा, आम्हाला समजतं. मेंटॉर म्हणून जे सर किंवा मॅडम नेमलेले असतात त्यांचं नाव आम्हाला पहिल्याच महिन्यात कळू द्या. आणि अठरा वर्षांच्या मुलाला बाजूला ठेवून आमच्याशी परस्पर बोलू नका. त्याला समोर बसवून बोला. माझ्या लेकीला निकालापेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या कॉरिडॉरमध्ये तिला कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

एम-वनची केटी दुसऱ्या प्रयत्नात सुटली, मेकॅनिक्सची पहिल्याच. तिसऱ्या वर्षाला ती वेळेवर गेली.

येत्या पावसाळ्यात नवी बॅच येईल. आमच्या टूलरूममधल्या दोघांची मुलं त्यात आहेत, आणि एकाने मला आत्ताच विचारलंय, गणपतीला गावी किती दिवस न्यायचं. मी त्याला माझं उत्तर दिलंय, पण ते तुमच्या तोंडून आलं तर त्याच्या बायकोलाही पटेल.

मीटिंग शक्यतो रविवारी ठेवा, शनिवारी आमची पाळी असते. जुन्या पालकांपैकी कुणी बोलायला हवं असेल तर मी येईन. माइक नको, एक टेबल पुरे. साबणाची वडी मी माझी आणतो.

आपला,
एक पालक
खारेगाव, कळवा, ठाणे